अहिराणीची शिरगणती

जनगणनेत ‘खानदेशी’ या शीर्षाखाली प्रामुख्याने अहिराणीच मोजली जाते. १९९१ साली तिचे भाषक सुमारे ९.७ लाख नोंदले गेले, २००१ साली २०.७ लाख आणि २०११ साली १८.६ लाख. दहा वर्षांत एखाद्या समाजाची लोकसंख्या दुप्पट होत नाही, हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही. वाढली ती प्रगणकाला ‘अहिराणी’ असे उत्तर देणाऱ्यांची किंवा तसे लिहून घेणाऱ्यांची संख्या. पुढील घटीचा अर्थ लावतानाही हीच सावधगिरी हवी.

अहिराणी बोलणारा बहुधा द्वैभाषिक असतो. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा या भागांत कापसाच्या भावाची घासाघीस अहिराणीत होते आणि पावती मराठीत फाटते. घरात मुलगा ‘आंडोर’, शाळेत तो ‘विद्यार्थी’. ‘केयी’ म्हणणाऱ्या मुलाकडून गुरुजी ‘केळी’ म्हणवून घेतात, यात गैर काही नाही. गैर आहे ते वर्गात पिकणारे हसू.

दोन भाषांमुळे एक मरतेच, असेही नाही. चीनवर १६४४ ते १९१२ पर्यंत राज्य करणाऱ्या मांचूंचे वंशज आज एक कोटीच्या आसपास आहेत. पण मांचू ही ज्यांची जन्मभाषा आहे असे मोजकेच वृद्ध उरले आहेत. त्याच तुंगुसी कुळातील सिबे लोकांची गोष्ट निराळी. १७६४ साली सीमारक्षणासाठी मंचूरियातून दूर इली खोऱ्यात पाठविलेल्या या शिपायांच्या वंशजांनी चिनी, उइघुर व कझाक शेजारात आपली भाषा घरात चालू ठेवली आणि ती आजही काही हजारांच्या तोंडी आहे. सिंहासन एकीजवळ होते, चूल दुसरीजवळ.

जळगाव-धुळ्याच्या नोकरदार वसाहतींत हीच चूल थंडावत आहे. नवराबायको आपापसांत अहिराणी बोलतात आणि मुलाकडे वळताच मराठी. आता तर इंग्रजीही. प्रत्येक कुटुंबाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर दिसतो. मात्र त्यामागील गृहीतच कच्चे आहे: अहिराणी वजा केल्याशिवाय मराठी जमा होत नाही, असे कुठेही सिद्ध झालेले नाही. भ्रमणध्वनीवर अहिराणी गाणी लाखो लोक ऐकतात, लग्नात त्यांवर नाचतात. आनंद आहे, पण वरातीची भाषा दुसऱ्या दिवशी मुलाला रागवावयासही उपयोगी पडली पाहिजे. शेजारच्या लेवा बोलीतून गाणी रचणाऱ्या बहिणाबाईंचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला मिळाले, तथापि विद्यापीठाच्या कमानीवरील नावाने घरातला संवाद बदलत नाही.

जनगणनेच्या प्रपत्रात मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा नोंदविण्याची सोय आहे. तेव्हा अहिराणी लिहिल्याने मराठी गमवावी लागत नाही. पण मातृभाषेची तेथील व्याख्याही पाहण्याजोगी आहे: बालपणी आई ज्या भाषेत बोलली, ती. आज ज्या मुलाशी आई मराठीतच बोलते, तो मोठेपणी मराठी लिहील, आणि ती नोंद अगदी खरी असेल.