रात्रीत उतरणारी बॅटरी

गाडी रात्री नीट उभी केली, दिवे मालवले, कुलूप लावले. सकाळी किल्ली फिरवावी तर सेल्फ नुसता 'कट् कट्' करतो. शेजारच्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून कसेबसे इंजिन सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. ज्याची गाडी हौसेची, त्याचा तासभर जातो. ज्याचे पोट गाडीवर, त्याचा दिवस बुडतो, आणि पुष्कळदा नव्या बॅटरीचा भुर्दंडही त्याच्याच माथी बसतो. म्हणून हा विषय गॅरेजवाल्यावर सोडून न देता आपण सर्वांनी समजून घ्यावा, असे मला वाटते. मी इंजिनियर नाही. मोटार-कामगारांच्या संघटनेचे काम करताना जे पाहिले व पुस्तकांतून पडताळून घेतले, तेवढेच सांगणार आहे.

'बॅटरी उतरली' असे म्हणताना आपण दोष बॅटरीवर टाकून मोकळे होतो. पण घरातली पाण्याची टाकी सकाळी रिकामी दिसली, तर आपण लगेच नवी टाकी आणतो का? टाकीला भेग गेली असेल, आदल्या दिवशी पाणीच कमी आले असेल, किंवा घरातला एखादा नळ रात्रभर वाहत राहिला असेल. बॅटरीचेही तसेच आहे. एक, ती स्वतःच वीज धरून ठेवीत नाही; दोन, दिवसा ती पुरती भरलीच जात नाही; तीन, गाडी बंद असताना कोणी तरी तिच्यातून वीज ओढीत आहे. ही तीन कारणे वेगळी केली की अर्धे काम झाले.

शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनविली. तत्त्व आजही तेच आहे. सहा घरे, प्रत्येकात सुमारे २.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ राहिली की १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आली. लहान मोटारीच्या बॅटरीची क्षमता साधारण ३५ अँपियर-तास असते. म्हणजे एक अँपियरचा प्रवाह ढोबळमानाने पस्तीस तास.

आता थोडा हिशेब करू. डिकीतला दिवा ५ वॅटचा. तो अर्ध्या अँपियरहूनही कमी प्रवाह घेतो. दहा तासांत चार-साडेचार अँपियर-तास गेले, म्हणजे भरलेल्या बॅटरीचा आठवा हिस्सा. एवढ्याने धडधाकट बॅटरी एका रात्रीत उतरत नाही. गाडी आठवडाभर उभी राहिली तर उतरेल. एका रात्रीत गाडी ठप्प व्हायची तर दोन-तीन अँपियर सतत वाहिले पाहिजेत, नाहीतर बॅटरी आधीच अर्धपोटी किंवा म्हातारी असली पाहिजे. हा हिशेब कोणावर आळ घेण्याआधी करावा.

पहिली परीक्षा अशी, की तिला एका पान्यापलीकडे काही लागत नाही. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि रात्री तिच्या उण्या टोकाची वायर सोडून ठेवा. सकाळी वायर जोडून किल्ली फिरवा. तरीही गाडी उठली नाही, तर दोष बॅटरीच्या पोटात आहे. झटक्यात उठली, तर बॅटरी निर्दोष. चोर गाडीत आहे. मात्र किल्ली खिशात ठेवा, कारण काही नव्या गाड्यांची कुलपे विजेवर चालतात. घड्याळ व रेडिओही पुन्हा लावावे लागतात.

दुसरी परीक्षा भरण्याची. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. आकडा १३ च्या वर जातच नसेल, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा सैल, गंजलेली टोके पाहावीत. रोज दहा मिनिटांचाच फेरा असेल, तर सेल्फने घेतलेली वीजही भरून निघत नाही.

तिसरी परीक्षा चोर पकडण्याची. तिला मल्टिमीटर हवा. किल्ली काढा, सर्व बंद करा. उणी वायर सोडून ती वायर व बॅटरीचे उणे टोक यांच्यामध्ये मीटर दहा अँपियरच्या खाचेत लावून जोडा. अशा वेळी सेल्फ मारू नये, नाहीतर मीटर जळेल. आणि अँपियरवर लावलेला मीटर बॅटरीच्या दोन टोकांना कधीही भिडवू नये. मग अर्धा-पाऊण तास थांबा. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली निवृत्त झालेली पद्मिनी टॅक्सी साधी होती. आजच्या गाडीत लहान-लहान संगणक असतात व किल्ली काढल्यावरही ते काही वेळ जागे राहतात. ते झोपले की २० ते ५० मिलिअँपियर प्रवाह उरतो. तेवढा क्षम्य आहे.

आकडा त्याहून बराच जास्त असेल, तर फ्यूज एकेक करून काढा व पुन्हा लावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा खाली येईल, त्याच्या वाटेवर चोर आहे: चिकटलेला रिले, थेट बॅटरीला जोडलेला स्टिरिओ, मागाहून बसवलेला अलार्म. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरकडे वळा. त्यातला डायोड बिघडला की प्रवाह उलटा आत शिरू शकतो.

एका मालकाने ड्रायव्हरच्या पगारातून बॅटरीची किंमत कापली होती. ठपका असा की, आतला दिवा चालू राहिला. नवी बॅटरी घातली, तीही दुसऱ्याच सकाळी उतरली, आणि त्या रात्री गाडी दुसऱ्याच माणसाच्या हाती होती. मीटर लावला तेव्हा तीन अँपियर दिसले. दोष डायोडचा निघाला. कापलेला पगार परत मिळाला. वर केलेला हिशेब मांडला असता तर तो कापलाच गेला नसता.

काम करताना काही पथ्ये पाळावीत. वायर सोडताना उणी आधी, जोडताना उणी शेवटी. म्हणजे पाना गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे. भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. आतले पाणी म्हणजे गंधकाम्ल आहे, डोळे जपावेत.

आणि दिरंगाई करू नये. पुनःपुन्हा पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो व तिची क्षमता कायमची घटते. म्हणजे चोर सापडेपर्यंत निर्दोष बॅटरीही कामातून जाते. तेव्हा दुकानाची वाट धरण्याआधी आणि ड्रायव्हरला बोल लावण्याआधी, एक रात्र ती वायर सोडून पाहावी. त्याला पैसा लागत नाही.