वाळूच्या पोटातले पाणी

राजस्थानच्या पश्चिम टोकाला जैसलमेर आणि बाडमेर हे दोन जिल्हे आहेत. त्यांच्या पलीकडे पाकिस्तानचा सिंध प्रांत लागतो. हा सगळा मुलूख थरच्या वाळवंटाचा. जैसलमेरला वर्षात सरासरी सहा ते आठ इंच पाऊस पडतो. मुंबईला तो नव्वद इंचांच्या आसपास पडतो. खोल विहीर खणावी, तर पुष्कळ ठिकाणी खारे पाणी लागते. तरीही या भागात सरहद्दीला लागून गावे आहेत. गावांत माणसे आहेत, गाई आहेत, मेंढ्या आहेत, उंट आहेत. तुम्ही म्हणाल, हे लोक तिथे राहतात तरी कसे? त्याचीच हकीकत आम्ही इथे सांगणार आहोत.

आधी सरहद्दीचे पाहू. पूर्वी दुष्काळ पडला, की इकडचे लोक गुरे हाकीत सिंधमध्ये जात. तिकडे सिंधू नदीचे पाणी, कालवे, हिरवा चारा. पाऊस झाला की परत येत. सोयरीकही तिकडे, बाजारही तिकडे. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि मधे रेघ आली. १९६५ आणि १९७१ च्या लढायांनंतर ती रेघ पक्की झाली. पुढे १९९० नंतरच्या दहा वर्षांत तारेचे कुंपणही उभे राहिले. दुष्काळातली जुनी वाट बंद झाली. तेव्हा आपल्याच गावात जे काही आहे, ते जपून वापरण्यावाचून या गावांना गत्यंतर उरले नाही.

मग गावात आहे काय? तिकडचे लोक पाण्याच्या तीन जाती मानतात. पावसाचे पाणी जमिनीवरून वाहते, तळ्यात साठते, ते पालर पाणी. खोल विहिरीत लागते, ते पाताळ पाणी. या दोहोंच्या मधे आणखी एक पाणी असते. ते वाळूत मुरलेले असते, पण पाताळापर्यंत पोचलेले नसते. त्याला म्हणतात रेजाणी पाणी. गंमत अशी, की ते डोळ्यांना दिसतच नाही. वाळू नुसती ओलसर लागते.

हे पाणी मधेच कसे अडकते? काही ठिकाणी वाळूच्या खाली जिप्समचा थर असतो. फळ्यावर लिहायचा खडू ज्याचा करतात, तेच हे जिप्सम. कुठे हा थर पंधरा हातांवर लागतो, तर कुठे पन्नास-साठ हातांवर. पावसाचे पाणी वाळूतून झिरपत या थरापर्यंत येते आणि तिथे थांबते. खालच्या खाऱ्या पाण्यात ते मिसळत नाही, म्हणून गोडे राहते. वरून उन्हाने ते उडूनही जात नाही. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात-हात भेगा पडतात आणि त्या भेगांतून जमिनीतली ओल निघून जाते. वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, त्यामुळे वाळूला भेगा पडत नाहीत. वरची वाळू पोळत असते आणि खालची ओल महिनोन् महिने टिकते.

ही ओल गोळा करायला जी अरुंद विहीर खणतात, तिला कुईं किंवा बेरी म्हणतात. (आपल्याकडे लोणी कढवल्यावर तळाशी राहते ती बेरी. तिकडची बेरी निराळी, बरं का!) बेरीचे तोंड इतके लहान, की आत एकच माणूस कसाबसा उकिडवा बसेल. असे का? बेरीत झरा नसतो. चहूकडच्या ओल्या वाळूतून थेंब थेंब पाणी पाझरते. रुंद विहीर खणली, तर ते पाणी तळावर पातळ पसरेल आणि पोहरा बुडणारच नाही. अरुंद बेरीत तेच पाणी हात-दोन हात चढते. दिवसभरात दोन-तीन घागरी मिळतात. तेवढ्यावर घराचे पिण्याचे भागते.

बेरी खणणे हे मात्र जिवावरचे काम आहे. वाळू कोसळली, की आतला माणूस गाडलाच समजा. म्हणून खणत असतानाच कडा सावरत जावे लागते. खींप नावाचे एक झुडूप तिकडे होते. त्याचा जाड दोर वळून त्याचे वेढे एकावर एक बसवतात. कुठे विटांनी, तर कुठे लाकडाने बांधतात. आत जागा नाही, म्हणून खणायचे हत्यार आखूड दांड्याचे. वरून दगड पडेल म्हणून डोक्यावर धातूची टोपी. खाली उकडून जीव घाबरा होतो, तेव्हा वरची माणसे मूठ मूठ वाळू जोराने आत फेकतात. वाळूबरोबर वरची गार हवा खाली जाते आणि खणणाऱ्याला श्वास घेता येतो. हे काम जाणणाऱ्या कारागिराचा पूर्वी मोठा मान असे. खळ्यावर त्याच्या नावाची धान्याची रास वेगळी निघे. आपल्याकडच्या बलुत्यासारखेच ते. पुढे ही रीत मोडली आणि नुसती मजुरी उरली.

बेरी ज्याची त्याची असते, पण जमीन गावाची असते. वाळूतली ओल तर सगळ्यांची मिळून एकच. नवी बेरी खणली, की जुन्या बेऱ्यांच्या ओलीत वाटेकरी वाढला. म्हणून गावाच्या संमतीशिवाय नवी बेरी खणता येत नसे. आम्हांला हा नियम बेरीइतकाच मोलाचा वाटतो. विंधन विहिरींची चढाओढ ज्या गावांत चालते, तिथल्या लोकांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

जैसलमेरकडे खडीन नावाची शेतीही करतात. खडकाळ उतारावरून वाहणारे पाणी खोलगट शेतात लांब बांध घालून अडवतात. पाणी मुरते. उरलेले काढून देतात आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. वरून पाणी द्यावे लागत नाही. पालीवाल ब्राह्मणांनी असे पुष्कळ खडीन बांधले. एकोणिसाव्या शतकात ते गावे सोडून गेले, पण त्यांचे कित्येक खडीन अजून पिकतात.

आता दुसरी बाजू. हाच जिप्समचा थर २००६ च्या ऑगस्टमध्ये बाडमेर जिल्ह्यातल्या कवास गावावर उलटला. वर्षभर पडतो त्याच्या दुप्पट पाऊस तीन-चार दिवसांत कोसळला. गाव खोलगट जागी, जुन्या कोरड्या नदीच्या वाटेवर वसलेले. खाली जिप्सम असल्यामुळे पाणी जमिनीत जिरेना. कित्येक आठवडे घरांवर पाणी उभे राहिले. त्या भागात पुष्कळ माणसे आणि हजारो गुरे दगावली. नदी वर्षानुवर्षे वाहिली नाही, तरी तिची वाट जागच्या जागी होती.

आज काही गावांत इंदिरा गांधी कालव्याचे पाणी नळाने येते. बायकांची पायपीट वाचली, हे चांगलेच झाले. पण कालवा दर वर्षी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, आणि टोकाच्या गावांना पाणी पुरेलच असे नाही. अशा वेळी ज्यांनी बेऱ्या बुजू दिल्या नाहीत, त्यांना निदान पिण्यापुरता आधार उरतो.

गुरांच्या चाऱ्याचा आधार म्हणजे ओरण. ओरण ही तिकडची देवराईच. देवाच्या नावाने राखलेले रान. तिथे गुरे चरतात, पण झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. त्यात खेजडी असते. दसऱ्याला आपण पूजतो ती शमी हीच. तिच्या शेंगा माणसे वाळवून वर्षभर खातात आणि पाला शेळ्या-उंट खातात. पण अनेक ओरणांची सरकारी दप्तरात ओरण म्हणून नोंदच नव्हती. कागदावर ती पडीक जमीन. त्यामुळे वीज करणाऱ्या कंपन्यांना अशा जमिनी मिळू लागल्या. तिथे सौर तावदाने आणि विजेचे खांब उभे राहू लागले. गावकऱ्यांनी याविरुद्ध पायी यात्रा काढल्या आणि अर्ज-विनंत्या केल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला सांगितले, की प्रत्येक ओरणाची मोजणी करा आणि वन म्हणून त्याची नोंद करा. ही मोजणी केवळ उपग्रहाच्या चित्रांवरून नव्हे, तर प्रत्यक्ष जागेवर जाऊनही करायची आहे.