संहितेवाचून प्रयोग : ऑनलाइन खेळांतील सामूहिक भूमिकानिर्वाहाचे नियोजन

नाट्यप्रयोगाची रूढ कल्पना संहिता, नट आणि प्रेक्षक या तीन घटकांवर उभी आहे. संहिता आधी सिद्ध होते, नट ती साकार करतो आणि प्रेक्षक ठरावीक अंतरावरून तिचा आस्वाद घेतो. बहुसंख्य खेळाडू एकाच वेळी ज्यांत सहभागी होतात, अशा ऑनलाइन खेळांतील सामूहिक भूमिकानिर्वाहात मात्र हे तिन्ही घटक एकमेकांत मिसळलेले आढळतात. येथे खेळाडू एक पात्र कल्पितो. त्याचे नाव, पूर्वायुष्य आणि बोलण्याची ढब ठरवितो. आणि खेळातील जय-पराजय बाजूला ठेवून त्या पात्राच्या मुखाने इतरांशी बोलतो. अशी पात्रे एकत्र येऊन राज्याभिषेक, विवाह, न्यायसभा, जत्रा यांसारखे प्रसंग घडवून आणतात. त्यांमागे बरेच पूर्वनियोजन असते. हे नियोजन म्हणजे केवळ व्यवस्थापन, की एक प्रकारचे लेखन, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येतो.

या प्रकाराची पूर्वपीठिका थोडक्यात अशी : १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात एक सूत्रधार परिस्थिती वर्णन करी आणि इतर खेळाडू आपापल्या पात्रांच्या कृती सांगत. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा संगणकीय खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती. स्थळ, पात्र आणि कृती ही सर्व शब्दांतूनच उभी राहत. पुढे चित्रमय खेळ आले, तरी शब्दांवरची ही भिस्त भूमिकानिर्वाहाने सोडली नाही. २००४ साली सुरू झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तर अशा खेळाडूंसाठी वेगळे सर्व्हर राखण्यात आले.

नियोजनाचा आरंभ अत्यंत व्यावहारिक बाबींपासून होतो. एका ठिकाणी किती पात्रे एकत्र आली असता सर्व्हर मंदावतो, हे आयोजकाला ठाऊक असावे लागते. सहभागी निरनिराळ्या देशांतील असल्याने वेळ ठरविणेही सोपे नसते. लंडनमधील हिवाळ्यातील रात्रीचे ८ म्हणजे भारतातील उत्तररात्रीचा १.३०. यानंतर कथानकाचा आराखडा येतो. त्यात प्रारंभ, एखादे वळण आणि शेवटाची दिशा एवढेच नमूद असते. संवाद लिहिलेले नसतात. पात्राबाहेरचे बोलणे दुहेरी कंसात टंकावे, म्हणजे कथा आणि व्यवहार यांची गल्लत होत नाही, असा संकेत बहुतेक समूह पाळतात.

साहित्यदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा संकेत कृतिवर्णनाविषयीचा आहे. खेळाडूने केवळ आपला प्रयत्न सांगावा, त्याचा परिणाम सांगू नये. ‘त्याने शत्रूच्या हातावर तलवार उगारली’ हे वाक्य ग्राह्य. ‘त्याने शत्रूचा हात तोडला’ हे अग्राह्य. परिणाम सांगण्याचा अधिकार ज्याच्यावर वार झाला त्याचा. पात्राचा मृत्यूही त्याच्या खेळाडूच्या संमतीनेच घडतो. कादंबरीतील सर्वज्ञ निवेदकाला जो अधिकार निर्वेध असतो, तो येथे वाक्यागणिक वाटून घेतलेला असतो. आराखडा करणारा या अर्थाने संवादांचा लेखक नसून इतरांच्या लेखनाला लागणाऱ्या अटींचा लेखक असतो.

लिखित संवादांवाचून प्रयोग करण्याची प्रथा नवी नाही. इटलीतील ‘कॉमेदिया देल्लार्ते’चे नट कथानकाच्या टाचणावर उत्स्फूर्त संवाद रचीत, कोकणातील दशावतारातही आख्यान ठरते आणि संवाद रंगमंचावर सुचतात. परंतु या दोन्ही प्रकारांत प्रेक्षक प्रयोगाचा करार मान्य करून आलेला असतो. ऑनलाइन खेळाच्या खुल्या जगात मात्र तो करार ठाऊक नसलेला, किंवा ठाऊक असून अमान्य असलेला तिसरा कोणी केव्हाही हजर होऊ शकतो. त्याचे काय करावे, हा नियोजनापुढील खरा पेच आहे.

दोन उदाहरणांनी हा पेच स्पष्ट होतो. १९९७ च्या ऑगस्टमध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाच्या चाचणीकाळात त्याचे निर्माते रिचर्ड गॅरियट यांनी ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाच्या भूमिकेत प्रजेसमोर येण्याचा सोहळा योजिला. राजा अवध्य असणार, हे सारे गृहीतच होते. परंतु सर्व्हर कोसळून पुन्हा सुरू झाल्यावर ती अवध्यता लागू करावयाची राहून गेली. गर्दीतील एका खेळाडूने अग्नीचा मंत्र टाकला आणि राजा मरण पावला. आयोजकांनी संरक्षणाचा सारा भार यंत्रावर टाकला होता. कथेत त्या आगंतुकासाठी जागा नव्हती. विशेष हे की, ठरलेला सोहळा विस्मृतीत गेला आणि न ठरलेला राजवधच या खेळाची दंतकथा होऊन राहिला.

दुसरे उदाहरण २०२१ च्या जानेवारीतले. टाळेबंदीमुळे नाट्यगृहे बंद असताना सॅम क्रेन आणि मार्क ऊस्टरव्हीन या इंग्लंडमधील नटांनी ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ या हिंसक खेळातील नगरात ‘हॅम्लेट’ करण्याचे ठरविले. पिनी ग्रिल्स आणि क्रेन यांनी खेळातच चित्रित केलेला ‘ग्रँड थेफ्ट हॅम्लेट’ हा त्याविषयीचा अनुबोधपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. पात्रनिवडीच्या वेळी अनोळखी खेळाडू गोळ्या झाडीत, खेळातील पोलीस चालून येत. व्यत्यय पूर्णतः टाळता येत नाही, हे आयोजकांना सरावातच उमगले. मेलेले पात्र काही क्षणांत परतते, याच खेळाच्या नियमाने मग त्यांचे काम चालू राहू शकले. ‘हॅम्लेट’ची निवडही अर्थपूर्ण ठरते. त्या नाटकातला राजपुत्र स्वतःच एका प्रयोगाचे नियोजन करतो, जुन्या संहितेत आपल्या ओळी घालतो आणि वाट पाहतो ती प्रेक्षकातील राजा अस्वस्थ होण्याची. तेथे प्रयोग मोडणे हेच प्रयोगाचे फलित आहे.

या दोन उदाहरणांतील अंतर नियोजनाच्या दोन कल्पनांमधील अंतर आहे. पहिली आगंतुकाला रोखू पाहते; दुसरी तो येणारच असे धरून चालते. सामूहिक भूमिकानिर्वाहाची साहित्यिक गुणवत्ता जोखताना आराखडा किती तंतोतंत पार पडला, ही कसोटी म्हणूनच अपुरी पडते. अनपेक्षित कृतीला कथेत सामावून घेण्याची त्याची क्षमता किती, हे पाहावे लागते.

यातून अभ्यासपद्धतीचा एक प्रश्न उभा राहतो. सर्व्हर बंद झाला की ते जग नाहीसे होते. संभाषणाची नोंद उरली, तरी तिच्यात काय घडले एवढेच कळते; काय घडू शकले असते, ते कळत नाही. ते आराखड्यात, पात्रांच्या टिपणांत आणि समूहाने ठरविलेल्या नियमांत असते. लोकनाट्याच्या अभ्यासकांना केवळ छापील वगावरून प्रयोग हाती लागत नाही, हा अनुभव जुना आहे. येथे तर छापील असे काहीच नाही. नियोजनाचे हे कागद जतन झाले नाहीत, तर संहितेवाचून झालेल्या या प्रयोगांचे लेखन कोणी आणि कसे केले, हे पुढील अभ्यासकाला सांगता येणार नाही.