गळ्यातली गाठ ओढणीआड लपवू नका : थायरॉइड कॅन्सर आणि परळच्या डॉक्टरांचं संशोधन

आमच्या शाळेच्या पालकसभेला येणाऱ्या एका आपा कडक उन्हातही ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून बसायच्या. नंतर कळलं, गळ्याला गाठ होती आणि दोन वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. कारण एकच : "मुलीच्या रिश्त्याच्या वेळी लोक काय म्हणतील?" गाठ थायरॉइडच्या कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, आज त्या बऱ्या आहेत. पण दोन वर्षं वाया गेली.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असणारी, फुलपाखरासारखी छोटी ग्रंथी. आपण मिठातून खातो ते आयोडीन ओढून घेऊन ती शरीराला लागणारं हार्मोन बनवते. तिच्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. कॅन्सर निघालाच, तरी त्याचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार वेळेत सापडला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, म्हणून हे आपल्या घरातल्या माँ-बहिणींनी वाचायला हवं.

आयोडीनच इलाज कसा होतो?

थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढतात, याच सवयीचा डॉक्टरांनी उपयोग केला. 1941 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनला डॉ. सॉल हर्ट्झ यांनी वाढलेल्या थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन दिलं. पुढे तेच कॅन्सरवर वापरलं जाऊ लागलं. ऑपरेशननंतर उरलेल्या किंवा फुप्फुसात, हाडात पसरलेल्या पेशी हे आयोडीन स्वतःच ओढून घेतात आणि आतून मरतात. त्याची ताकद दर आठ दिवसांनी निम्मी होते.

आपल्याकडे या कामाचं मोठं केंद्र म्हणजे मुंबईत परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते 1963 मध्ये सुरू केलं.

आयोडीन चाललं नाही तर?

काही रुग्णांत कॅन्सरच्या पेशी आयोडीन ओढायचंच सोडून देतात. स्कॅन साफ दिसतो, पण रक्ततपासणी सांगते की आजार आहे. परळच्या केंद्रातले डॉ. संदीप बसू आणि त्यांचे सहकारी अशा अवघड रुग्णांवर काम करतात. आधी पेट स्कॅन करून, जास्त साखर खाणाऱ्या पेशी कुठे आहेत ते शोधतात. काही पेशींवर एक खास 'कुलूप' असतं. ते स्कॅनवर दिसलं, तर त्याला बसणारी 'किल्ली' म्हणजे ल्युटेशियम 177 जोडलेलं औषध देता येतं. स्वादुपिंड आणि आतड्यांतल्या न्यूरोएंडोक्राइन गाठींवर हा इलाज चालतो. थायरॉइडच्या निवडक रुग्णांत त्याचा किती फायदा होतो, हे या टीमने तपासून प्रसिद्ध केलं आहे. हा इलाज सगळ्यांना लागू पडत नाही. म्हणून नियम साधा : आधी बघायचं, मग औषध.

घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं?

- गिळताना वर-खाली होणारी गाठ, गाठ वाढणं, आवाज बसणं, गिळायला त्रास : लगेच दाखवा. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी होते. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती काढून टाका.
- आयोडीनचा डोस गरोदर बाईला देत नाहीत. अंगावर पाजणं आधीच बंद करावं लागतं. डोसनंतर काही दिवस मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून दूर राहायचं. ही किरणांपासूनची काळजी आहे. आजार संसर्गाचा नाही. कुणाला वाळीत टाकू नका.
- ऑपरेशननंतर बहुतेकांना थायरॉक्सिनची गोळी रोज, उपाशीपोटी, कायम घ्यावी लागते. रमजानमध्ये ती बंद करू नका. सेहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी की रात्री झोपताना, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये दाखवता येतं आणि कॅन्सरच्या उपचारासाठी आपल्याच जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. पहिल्या तपासणीसाठी मुंबई गाठायची गरज नाही.

त्या आपांच्या मुलीचा निकाह मागच्या वर्षी झाला. सासरच्यांना आजाराबद्दल आधीच सांगितलं होतं. कुणीही नकार दिला नाही.