आळंदी ते पंढरपूर सायकलने : आधी नियोजन, मग प्रस्थान

आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारकऱ्याची सोय त्याची दिंडी पाहते. तंबू, शिधा आणि सामानाचा ट्रक दिंडीबरोबर असतो. वाटेत गावोगावी अन्नदान होते. त्याच मार्गाने एकट्याने किंवा दोघा-चौघांनी सायकलवर निघणाऱ्यांना मात्र हे सारे स्वतःच जुळवावे लागते. सुमारे २३५ किलोमीटरचे हे अंतर नियमित सायकल चालविणाऱ्यास अवघड नाही. काळ, रस्ता आणि मुक्काम यांचा विचार आधी न केल्यास मात्र बेत फसतो.

कधी निघावे?

ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते. पालखी ज्या टप्प्यावर असते तेथील वाहतूक वळविली जाते. लाखोंच्या समुदायात सायकल ही इतरांना अडचणच ठरते. त्यामुळे पालखीच्या काही दिवस आधी निघावे अथवा वारीचा काळ टाळावा. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. जाताना तो पाठीशी असतो. पण सायकलनेच परतायचे असल्यास तोच तोंडावर येतो, हे ध्यानात ठेवावे. हिवाळ्यात हवा उत्तम असते. परंतु तो ऊस गाळपाचा हंगाम. फलटण, माळशिरस परिसरात उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर अंधारात पुष्कळदा दिव्यांविना धावतात. सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठणे हा नियम येथे मोडू नये. मार्च ते मे या काळात नीरेपुढील उघड्या माळावर दुपारी सायकल चालविणे धोक्याचेच.

टप्पे कसे आखावेत?

पहिल्या दिवशी आळंदी, पुणे, सासवड ते जेजुरी असे सुमारे ७० किलोमीटर. हडपसरनंतर येणारा दिवे घाट हीच या मार्गावरील मोठी चढण. तो सकाळी लवकर चढावा म्हणजे ऊन व अवजड वाहने, दोन्ही टळतात. दुसऱ्या दिवशी वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगावमार्गे फलटण हे सुमारे ६० किलोमीटर. तिसऱ्या दिवशी बरड, नातेपुते, माळशिरसमार्गे वेळापूर हे सुमारे ७० किलोमीटर. चौथ्या दिवशी भंडीशेगाव व वाखरीवरून उरलेले पस्तीसेक किलोमीटर. शेवटचा टप्पा मुद्दाम लहान ठेवावा. दर्शनाच्या रांगेत कित्येक तास जाऊ शकतात आणि मंदिरालगतच्या अरुंद गल्ल्यांत सायकल नेता येत नाही. सायकल मुक्कामाच्या जागीच ठेवावी.

वारी नसताना पालखीतळ मोकळे असतात. तेथे निवाऱ्याची अपेक्षा करू नये. जेजुरी, फलटण व पंढरपूर येथे धर्मशाळा, भक्तनिवास किंवा लॉज मिळतात. लहान गावांतील मुक्काम आधी दूरध्वनीवरून निश्चित करावा. एकादशीच्या आसपास पंढरपुरात ऐनवेळी खोली मिळणे कठीण असते.

रस्ता बदलला आहे

पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. त्यात वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायी मार्गाची तरतूद आहे. सायकलस्वाराने मात्र आपल्यासाठी वेगळी सोय गृहीत धरू नये. रुंद रस्त्यावर वाहनांचा वेग वाढतो, आणि बाह्यवळणाने गेल्यास गावातील पाणी, चहा, सायकलचे दुकान हे सारे मागे राहते. शक्य तेथे गावातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यानेच जावे. घाटातील कामाची स्थिती निघण्यापूर्वी विचारून घ्यावी.

सोबत काय असावे?

दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे साहित्य, पान्हे, ब्रेकचे गट्टू, पुढचा दिवा व मागचा लाल दिवा, हेल्मेट, किमान दोन लिटर पाणी आणि मीठ-साखर. गिअरच्या सायकलींचे सुटे भाग वाटेतील दुकानांत मिळतीलच असे नाही. दुरुस्ती पुण्यातच करून घ्यावी. ओझे पाठीवर न घेता कॅरिअरवर बांधावे. दररोजचा टप्पा व पोहोचण्याची वेळ घरी लिहून ठेवावी.

परतीचा विचारही आधीच व्हावा. पंढरपूरहून रेल्वेने किंवा रस्त्याने कुर्डुवाडीस जाऊन पुण्याकडील गाडी पकडता येते. सायकल सामानाच्या डब्यात नोंदवावी लागते. त्यासाठी स्थानकावर वेळेआधी पोहोचावे. एसटीने जायचे झाल्यास सायकल घेतली जाते काय, याची आगारात चौकशी करूनच तिकीट काढावे.