जाळ, आच आणि सीमास्थिती

बारामती व इंदापूर हे तालुके नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यामुळे उसाचे झाले. तेथील गुऱ्हाळात चुलवाणावर काहील चढते, तेव्हा ‘जाळ’ आणि ‘आच’ हे दोन शब्द कानी पडतात. जाळ म्हणजे चुलवाणातील एकंदर अग्नी. आच म्हणजे तळाच्या अमुक एका भागास पोहोचणारी उष्णता. औष्णिक विश्लेषणाच्या संगणकप्रणालीत हाच भेद पाळावा लागतो. आपण मात्र ‘उष्णताप्रवाह’ हा एकच शब्द दोन्ही अर्थी योजतो, आणि येथेच प्रमाद घडतो.

उदाहरणार्थ, ४ चौरस मीटर तळास ८० किलोवॉट उष्णता मिळते असे मानू. दर चौरस मीटरास ती २० किलोवॉट होय. पोलादी पत्रा ४ मिलिमीटर जाड व त्याची वाहकता दर मीटर-केल्विनला ५० वॉट धरल्यास, फूरिए यांनी १८२२ साली ग्रंथबद्ध केलेल्या नियमानुसार पत्र्याच्या दोन बाजूंतील तापमानभेद १.६ अंश येतो. प्रतिक्षेत्र उष्णतेच्या रकान्यात ८० किलोवॉट लिहिल्यास तो ६.४ अंश, म्हणजे चौपट, होतो.

शिवाय, सर्व पृष्ठभागांवर केवळ प्रतिक्षेत्र उष्णता दिली तर स्थिरावस्थेतील तापमान निश्चित होत नाही. कोठे तरी तापमान वा संवहन सांगावेच लागते. काहिलीत ते काम उकळता रस करतो : आरंभी सुमारे १००, गूळ उतरताना सुमारे ११८ अंश. ज्या पृष्ठभागाविषयी काहीच सांगितले नाही, तो प्रणाली बहुधा उष्णतारोधक मानते.

तात्पर्य, एकंदर उष्णतेस ‘उष्णताप्रवाह’ व प्रतिक्षेत्र उष्णतेस ‘प्रवाहघनता’ म्हणावे. हा विवेक बोलीत आधीच आहे; परिभाषेने तो स्वीकारावा, इतकेच.