भारण तंत्र, मोटारगाडीतील : अनियमित दोष व निदान

एंजिन चालू असताना त्याच्या यांत्रिक ऊर्जेचा अल्प भाग विद्युत् ऊर्जेत रूपांतरित करून दिवे, प्रज्वलन, वायपर इ. उपकरणांना प्रवाह पुरविणाऱ्या आणि उरलेल्या प्रवाहाने बॅटरीचे पुनर्भारण करणाऱ्या व्यवस्थेस मोटारगाडीचे भारण तंत्र म्हणतात. डायनामो किंवा आल्टर्नेटर, तो फिरविणारा पट्टा, विद्युत् दाब मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर, बॅटरी, दर्शक दिवा किंवा अँपिअरमापक आणि या सर्वांना जोडणाऱ्या तारा हे त्याचे प्रमुख घटक होत. तंत्र पूर्णपणे बंद पडल्यास दोष शोधणे तुलनेने सोपे असते. मात्र दोष मधूनच प्रकट होऊन पुन्हा नाहीसा होत असेल, तर सुस्थितीतील भाग बदलले जातात आणि मूळ कारण तसेच राहते. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कारण त्यांचे मूळ भाग दुर्मिळ असून चुकीच्या चाचणीने ते कायमचे निकामी होऊ शकतात.

मुंबईतील परिस्थिती : स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी मोटारींच्या आयातीवर दीर्घकाळ कडक निर्बंध होते. त्यामुळे एम्‌जी, ट्रायंफ यांसारख्या दोन आसनी, उघड्या टपाच्या ब्रिटिश गाड्या थोड्याच संख्येने टिकल्या व त्यांची निगा स्थानिक कारागिरांच्या कौशल्यावर अवलंबून राहिली. या कौशल्याची खरी शाळा म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी ही गाडी होय. टॅक्सी म्हणून ती अनेक दशके शहरभर धावली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली आणि डायनामो व कट-आउट हाताळण्याचा रोजचा सराव देणारे साधनही ओसरले. दुसरीकडे, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीची तरतूद केल्यामुळे मूळ भाग जपून दुरुस्ती करण्याचे महत्त्व वाढले आहे.

गिरगावातील फणसवाडी, ठाकूरद्वार या दाट वस्तीच्या भागांत गाडी बहुधा बंदिस्त गॅरेजऐवजी वाडीच्या चौकात किंवा रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभी असते. जवळच्या समुद्रावरून येणारी खारी, दमट हवा आणि कुलाबा वेधशाळेत नोंदला जाणारा सु. २,२०० मिमी. सरासरी वार्षिक पाऊस यांमुळे तांब्याच्या व पितळेच्या जोडांवर हिरवट लवणांचा थर चढतो. ताडपत्रीखाली ओल कोंडून राहते. उंदीर तारांचे वेष्टन कुरतडतात. गाडी आठवड्यातून एकदा, तीही थोड्याच अंतरासाठी निघत असेल, तर खर्च झालेला भार भरून येत नाही. अशा वेळी भारण तंत्र निर्दोष असूनही बॅटरी दुबळी राहते. म्हणून गाडीच्या वापराची चौकशी ही निदानाची पहिली पायरी ठरते.

डायनामो व आल्टर्नेटर : डायनामोत आर्मेचरमध्ये निर्माण होणारा प्रत्यावर्ती प्रवाह दिक्परिवर्तक व कार्बन ब्रश यांच्या साहाय्याने एकदिश होऊन बाहेर पडतो. एंजिन मंद गतीने चालत असता डायनामोचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा कमी असतो आणि कट-आउट त्याला बॅटरीपासून अलग ठेवतो. दोन मुख्य दिवे, लहान दिवे, प्रज्वलन व वायपर मिळून सु. १५ अँपिअर प्रवाह लागतो असे धरल्यास, पावसाळी संध्याकाळी ठाकूरद्वारच्या नाक्यावर गाडी अर्धा तास अडकून पडली, तर ४० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतील जवळजवळ पाचवा हिस्सा भार खर्च होतो. हा दोष नसून डायनामोचा स्वभाव आहे आणि त्याची जाणीव नसल्यास चांगला डायनामो विनाकारण खोलला जातो.

आल्टर्नेटरमध्ये चुंबकी क्षेत्र फिरते व स्थिर गुंडाळ्यांत त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो. अर्धसंवाहक डायोडांच्या योगे तो एकदिश केला जातो. मंद गतीलाही त्यापासून उपयुक्त प्रवाह मिळतो. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत तो बसविल्यानंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला. एम्‌जीबी या ब्रिटिश गाडीत तो १९६७ च्या अखेरीस आला. त्यापूर्वी या गाडीत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेले असे, तर त्यानंतर ऋण टोक जोडले जाऊ लागले. त्यामुळे जुन्या गाडीवर काम करताना कोणते टोक सांगाड्यास जोडले आहे, हे प्रथम पाहणे आवश्यक असते. आल्टर्नेटर असलेल्या गाडीत बॅटरी उलटी जोडल्यास डायोड तत्काळ जळतात.

अनियमित दोषांची कारणे : दोष केव्हा उद्‌भवतो यावरून त्याचे स्थान बऱ्याच अंशी सुचते. पावसातच भारण कमी होत असेल, तर सैल किंवा गुळगुळीत झालेला पट्टा घसरत असण्याची शक्यता असते. गाडी तापल्यावर भारण थांबून निवल्यावर पूर्ववत होत असेल, तर क्षेत्र गुंडाळीतील तुटका सांधा किंवा रेग्युलेटर यांचा संशय घ्यावा लागतो. प्रसरणामुळे सांधा उघडतो व आकुंचनाने पुन्हा मिटतो. खड्ड्यात चाक आदळताच दिवे मंद होणे हे सैल जोड किंवा झिजलेला ब्रश यांचे लक्षण होय. रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी उतरत असेल, तर प्रवाहाची गळती, डायोडातील बिघाड किंवा कट-आउटची चिकटलेली स्पर्शके हे कारण असू शकते.

दर्शक दिव्याविषयी अनेक गैरसमज आहेत. बऱ्याच आल्टर्नेटरांना प्रारंभिक क्षेत्रप्रवाह या दिव्यातूनच मिळतो. दिवा जळून गेला असल्यास आल्टर्नेटर मंद गतीला मुळीच भारण करीत नाही. परंतु एंजिन एकदा वेगाने फिरविले की अवशिष्ट चुंबकत्वाच्या बळावर तो सुरू होऊ शकतो. म्हणून चावी फिरविताच दिवा लागतो की नाही हे पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. उलटपक्षी, दिवा विझला म्हणजे बॅटरीचे भारण होते आहे असेही नव्हे. कारण आल्टर्नेटरपासून बॅटरीकडे जाणारी जाड तार खराब असली, तरी दिवा विझलेलाच राहतो. दिवा अंधुक तेवत राहणे हे डायोड निकामी झाल्याचे किंवा एखाद्या जोडातील वाढलेल्या रोधाचे चिन्ह होय.

निदानपद्धती : आरंभी बॅटरीची परीक्षा करतात. काही तास विश्रांती दिलेल्या १२ व्होल्ट बॅटरीचा दाब सु. १२·६ व्होल्ट असल्यास ती पूर्ण भारित व १२ व्होल्टच्या आसपास असल्यास बरीचशी रिकामी समजावी. तरकाट्याने प्रत्येक घटातील अम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजतात; एकाच घटाचे मान इतरांहून बरेच कमी असल्यास बॅटरीच सदोष असते. नंतर एंजिन मध्यम गतीने चालवून बॅटरीच्या टोकांवरील दाब पाहतात. भारित बॅटरीच्या बाबतीत तो साधारणतः १३·८ ते १४·५ व्होल्ट असावा. दाब १५ व्होल्टांपलीकडे जात असल्यास रेग्युलेटर किंवा त्याचा सांगाड्याशी असलेला जोड दोषी असतो.

यापुढील चाचणी सर्वांत उपयुक्त असूनही क्वचितच केली जाते. एखाद्या जोडात केवळ ०·०५ ओहम रोध असला, तर साध्या ओहममापकावर तो शून्यच भासतो. परंतु २० अँपिअर प्रवाह वाहत असता त्यावर १ व्होल्ट दाब खर्ची पडतो व भारण जवळजवळ थांबते. म्हणून दिवे लावून, एंजिन चालू ठेवून, व्होल्टमापकाचे एक टोक आल्टर्नेटरच्या निर्गम टोकास व दुसरे बॅटरीच्या त्याच ध्रुवाच्या खांबास लावतात. दाबातील घट अर्ध्या व्होल्टाहून कमी असावी. आल्टर्नेटरचे कवच आणि बॅटरीचा सांगाड्यास जोडलेला खांब यांमधील घट ०·२ व्होल्टाहून जास्त नसावी. एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने ते व सांगाडा यांना जोडणारी विणीव तांब्याची पट्टी हाच प्रवाहाचा मार्ग असतो. ही पट्टी तुटत आल्यास प्रवाह चोकच्या किंवा गतिवर्धकाच्या पोलादी तारेतून वाट काढतो आणि ती तार तापते.

परीक्षेच्या वेळी दोष प्रकट झाला नाही, तर तो मुद्दाम घडवून आणावा लागतो. एका वेळी एकच परिस्थिती बदलतात : तारांचा जुडगा हलविणे, रेग्युलेटरला गरम हवा देणे, पट्ट्यावर पाण्याचा हलका फवारा मारणे, सर्व दिवे एकदम लावणे. व्होल्टमापकाच्या लांब तारा वितळतार बसवून आसनापर्यंत आणल्यास गाडी चालत असताना दुसऱ्या व्यक्तीस नोंद घेता येते. वेळ, गती, हवामान, चालू उपकरणे व दाब यांची अशी आठवडाभराची नोंद अनेकदा एखाद्या महाग उपकरणापेक्षा अधिक उपयोगी पडते. रात्रीची गळती शोधण्यासाठी सर्व उपकरणे बंद करून बॅटरीच्या एका तारेत अँपिअरमापक जोडतात व एकेक वितळतार काढून पाहतात. मापक जोडलेला असताना स्टार्टर मात्र फिरवू नये.

दक्षता : एंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘भारण होते का’ हे पाहण्याची पद्धत डायनामोच्या काळापासून रूढ आहे. आल्टर्नेटरच्या बाबतीत ती घातक ठरते. तार सुटताच दाब एकाएकी उसळून डायोड व रेग्युलेटर जळू शकतात. अँपिअरमापक असलेल्या जुन्या गाड्यांत स्टार्टर वगळता बहुतेक प्रवाह फलकामागील दोन नटांतून जातो. ते सैल झाल्यास तापतात, वेष्टन वितळते व आग लागू शकते. भारण होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नये.

ऑपेरा हाऊस परिसरातील मोटारभागांच्या दुकानांतून व चोर बाजारातून जुने रेग्युलेटर अद्यापि मिळू शकतात. तथापि त्यांचे प्रवाहमान व ध्रुवत्व मूळ यंत्राशी जुळते की नाही हे तपासल्याशिवाय ते बसवू नयेत. डायनामो दुरुस्त करून पुन्हा बसविल्यावर त्याच्या क्षेत्र गुंडाळीस क्षणभर बॅटरीचा प्रवाह देऊन अवशिष्ट चुंबकत्व योग्य दिशेस आणतात. हे न केल्यास कट-आउटची स्पर्शके जळतात. भाग बदलण्यापूर्वी सर्व जोड घासून स्वच्छ करणे, ते घट्ट आवळणे व त्यांवर व्हॅसलीनचा पातळ थर देणे एवढ्यानेही किनारपट्टीवरील जुन्या गाड्यांतील पुष्कळ अनियमित दोष नाहीसे होतात.